खानदेशच्या मुलांसाठी एक बोलकी बाहुली
(महाराष्ट्र राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांस खुले पत्र)

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,



राज्यातील सर्वांत लहान विद्यार्थ्यांच्या संबंधाने एक तजवीज आपल्या विचारार्थ ठेवावी, आणि ती खासगी अर्जाच्या रूपाने आपल्या दप्तरी दाखल करण्याऐवजी, ज्यांच्या मुलाबाळांच्या हिताशी ती निगडित आहे त्या जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पालक-शिक्षकांच्या साक्षीने उघडपणे मांडावी, ह्या हेतूने हे पत्र लिहीत आहे. मागणी आरंभीच सांगतो. अंगणवाडीतील आणि पहिली-दुसरीतील मुलांसाठी, हातमोज्याप्रमाणे हातात चढवून बोलत्या करावयाच्या बाहुल्यांची एक शैक्षणिक मालिका शासनाने दूरदर्शनसाठी काढावी. ती मुंबई-पुण्यास नव्हे तर खानदेशात तयार व्हावी. आणि तिच्यातील बाहुल्यांनी अहिराणी, लेवा, तावडी, भिल्ली, पावरी ह्या घरच्या बोलींचे बोट धरून मुलास पाठ्यपुस्तकातील मराठीच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडावे.

ह्या मागणीस पूर्वाधार आहे, आणि तो शासनाच्याच इतिहासात आहे. १९८४ साली पुण्यास राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, जिला महाराष्ट्र 'बालचित्रवाणी' ह्या गोड नावाने ओळखतो. इन्सॅट उपग्रहामुळे दूरचित्रवाणीचा संदेश खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचविणे नुकतेच शक्य झाले होते, आणि त्या नव्या शक्तीचा लाभ शहरातील दिवाणखान्यांआधी प्राथमिक शाळेतील मुलास मिळावा, असा उदार विचार त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी केला होता. महाराष्ट्रासह सहा राज्यांत अशा संस्था निघाल्या त्या ह्याच विचारातून. ज्या वर्गात भिंतीवरील नकाशाखेरीज दुसरे चित्र नव्हते त्या वर्गातील मुलांनी समुद्र पाहिला तो बालचित्रवाणीच्या कृपेने. गाणी, गोष्टी, प्रयोग, बाहुल्यांचे खेळ अशा नाना रूपांनी तिने मराठी मुलाशी संभाषण केले, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी लोकांच्या स्मरणात तिचे शीर्षकगीत अद्याप घर करून आहे. पुढे केंद्राचे अनुदान आटले, संस्थेचा जमाखर्च जुळेना, कर्मचाऱ्यांचे वेतन थकले, आणि २०१७ साली संस्था बंद करण्यात आली. एखादे खाते बरखास्त करण्यास एक शासन निर्णय पुरतो. परंतु तेहतीस वर्षांच्या काळात, सात वर्षांच्या मुलास कोणते वाक्य कळते आणि कोणते त्याच्या डोक्यावरून जाते ह्याचे जे ज्ञान लेखकांच्या, दिग्दर्शकांच्या, कलावंतांच्या अंगी मुरले होते, त्याची नोंद कोणत्याही मालमत्तेच्या यादीत होत नाही. त्या संस्थेचा उल्लेख मी उणेदुणे काढण्यासाठी करीत नाही. जे एकदा ह्या राज्याने केले ते पुन्हा करता येते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

आता प्रश्न असा की बाहुलीच का, आणि तीही हातबाहुलीच का? कळसूत्री बाहुलीचे सौंदर्य थोर आहे; सिंधुदुर्गातील पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी ती परंपरा चित्रकथीसह पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आणि त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, ही सर्व महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. परंतु सूत्रावर नाचणारी बाहुली आणि तिचा सूत्रधार यांच्यामध्ये दोऱ्यांचे अंतर राहते आणि ते साधण्यास वर्षे लागतात. हातबाहुलीत तसे अंतरच नाही. तर्जनी तिच्या मस्तकात, अंगठा व मधले बोट तिच्या दोन बाहूंत, आणि मनगट हीच तिची कंबर. किंवा तोंड उघडणारी बाहुली असेल तर चार बोटे वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या. कलावंताच्या मनात शंका आली की बाहुलीची मान त्याच क्षणी तिरपी होते. म्हणूनच ती एखाद्या खऱ्या मुलाशेजारी बसून त्याच्या अनपेक्षित प्रश्नास तत्क्षणी उत्तर देऊ शकते. व्यंगचित्रपटातील पात्रास हे साधत नाही, कारण त्याचे प्रत्येक उत्तर आधी लिहून, मग रेखाटून झालेले असते.

दूरचित्रवाणीशी हातबाहुलीचे जे नाते जमते त्याचे मर्म जिम हेन्सन ह्या अमेरिकन कलावंताने ओळखले. बाहुल्यांच्या खेळास पूर्वी एक खोके लागे, ज्याच्या पडद्याआड खेळ करणारा दडून राही. हेन्सनने ते खोके काढून टाकले, कारण त्याच्या ध्यानी आले की दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच बाहुलीचा रंगमंच होय. कलावंत चौकटीच्या खाली उभा राहतो, हात डोक्यावर उचलून धरतो, आणि प्रेक्षकास जे दिसणार तेच समोरच्या लहानशा पडद्यावर स्वतः पाहत बाहुलीची दृष्टी कोठे वळवायची ते ठरवितो. ह्या एका युक्तीमुळे बाहुली मांडवातून बाहेर पडली आणि अंगणात, दुकानात, शाळेच्या ओट्यावर, माणसांच्या बरोबरीने वावरू लागली. शेतात चित्रीकरण करावयाचे असेल तर एक खड्डा किंवा एक बैलगाडी पुरे. कलावंत गाडीच्या आड बसतो आणि बाहुली धुरेवर.

परंतु बाहुलीचा सर्वांत मोठा गुण तिच्या रचनेत नसून तिच्या अधिकारशून्यतेत आहे. शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी तो जाणता असतो, त्याच्यापाशी उत्तर असते, आणि हे मूल पुरते ओळखून असते. त्यामुळे शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणे म्हणजे परीक्षा देणेच ठरते. बाहुलीला मात्र अज्ञानी असण्याची मुभा आहे. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी हे प्रत्यक्ष पाहिले. तेथील बाईंनी जुन्या काळ्या पायमोज्याचा एक कावळा केला होता. मोज्याच्या टाचेचा भाग मुठीवर आल्यामुळे त्याचे डोके आपोआप गोल झाले होते, डोळ्यांच्या जागी गणवेशाची दोन पांढरी बटणे शिवलेली होती आणि चोच लाल पुठ्ठ्याची होती, जी एका बाजूने किंचित उसवली होती. कावळा टेबलावरचे चिंचोके मोजू लागला: एक, दोन, तीन, चार, पाच, सात. वर्गात कुजबुज झाली. कावळ्याने पुन्हा मोजले आणि पुन्हा पाचानंतर सात म्हणाला. तेव्हा मागच्या ओळीतील एक मुलगी, जी शाळेत आल्यापासून हजेरीसही फक्त मान हलवीत असे, ती उठून थेट टेबलापाशी आली आणि कावळ्याच्या तोंडावर म्हणाली, "अरे, पाचनंतर सहा येस, तुले काहीच येस नही!" आणि तिने सहावा चिंचोका त्याच्या चोचीत ठेवला. कावळ्याने तो खाली टाकला व तिला अजून पुढचे विचारले. तिने दहापर्यंत आपल्या बोलीत सांगितले, आणि कावळ्याने मराठीत तेच आकडे म्हटल्यावर तीही त्याच्याबरोबर म्हणू लागली. बाईंचे तोंड झाकलेले नव्हते, त्यांचे ओठ हलताना सर्वांस दिसत होते. तरीही त्या मुलीने सबंध वेळ त्या दोन बटणांकडेच पाहून उत्तरे दिली.

हाच अनुभव दूरदेशी, फार मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रीय कसोटीने घेण्यात आलेला आहे. 'सेसमी स्ट्रीट' ही मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सुरू झाली. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचे नमुन्याचे भाग फिलाडेल्फिया शहरातील मुलांस दाखवून पाहण्यात आले होते. दूरचित्रवाणी संचाशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रे ठेवीत आणि मुलाची नजर मालिकेवरून केव्हा ढळते ह्याची नोंद करीत. मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्यावरून निर्मात्यांनी माणसांचे प्रसंग आणि बाहुल्यांचे प्रसंग वेगवेगळे ठेवले होते, कारण सत्य आणि कल्पित यांची सरमिसळ झाल्यास मुले गोंधळतील अशी त्या विद्वानांस भीती होती. नोंदी निराळेच सांगू लागल्या: रस्त्यावर नुसती माणसे बोलत असली की मुलांची नजर दुसरीकडे जाई, बाहुल्या आल्या की परत येई. निर्मात्यांनी विद्वानांचा सल्ला बाजूस ठेवून मुलांचा कौल मानला, आणि त्यातूनच रस्त्यावर माणसांत मिसळून राहणारा तो प्रचंड पिवळा पक्षी जन्मास आला, ज्याला आज जग ओळखते. दक्षिण आफ्रिकेने ह्याच कुटुंबातील 'टकलानी सेसमी' ही मालिका आपल्या अनेक भाषांतून काढली आणि २००२ साली तीत कामी नावाची एक बाहुली आणली, जी एचआयव्हीबाधित अनाथ बालिका आहे. मोठी माणसे ज्याविषयी घरात तोंड उघडीत नव्हती ते मुलांशी बोलण्याचे काम त्या देशाने एका बाहुलीवर सोपविले. आपल्याकडे २००६ साली 'गली गली सिम सिम' सुरू झाली आणि शाळेच्या गणवेशातील चमकी व तिचा सोबती बूंबा सिंह हिंदी भाषक मुलांच्या परिचयाचे झाले. मराठी मुलास, आणि त्यातही अहिराणी बोलणाऱ्या मुलास, आपले म्हणता येईल असे पात्र मात्र अद्याप मिळालेले नाही.

मराठी समाज बाहुलीस पारखा आहे असे कोणी म्हणू नये. य. के. पाध्ये यांनी अर्धवटरावास बोलते केले आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी शब्दभ्रमाची ही कला घराघरांत नेली. १९९३ सालच्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू तर तीन पिढ्यांस ठाऊक आहे. परंतु विनोद आणि भय ह्या दोन रसांतच आपण तिला गुंतवून ठेवले, शिकविण्याच्या कामी तिची योजना अपवादानेच केली. खानदेशपुरते बोलायचे तर निर्जीव वस्तूस चेहरा देऊन तिच्याशी आप्ताप्रमाणे बोलण्याची वृत्ती ह्या मुलखाच्या रक्तातच आहे. श्रावणात कानबाईची स्थापना होते तेव्हा नारळास डोळे, नाक, नथ चढते आणि सबंध भाऊबंदकी त्या मुखासमोर रात्र जागविते. भाद्रपदापासून मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजीभोवती गाणी म्हणतात, त्यांत सासर-माहेरचे सारे सुखदुःख त्या मूर्तींपाशी सांगितले जाते. वहीगायनाच्या फडात सोंगाड्या एका उपरण्याच्या फेरफाराने सावकार, सून आणि शिपाई होतो. बाहुलीच्या मालिकेस लागणारी गाणी, लकबी, हजरजबाबीपणा हे सारे येथे तयार आहे, आणि ते ज्यांच्यापाशी आहे ती माणसे काम मागत आहेत.

भाषेच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मागणीचा गाभा तो आहे. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' ह्या शीर्षकाखाली आपली मातृभाषा नोंदविणारांची संख्या १८ लाख ६० हजारांच्या घरात होती, आणि त्यांत बहुसंख्य अहिराणी भाषक होते. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांत पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांतील मुले घरी निराळेच काही बोलतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, जेथे शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तीन ते आठ वयोगटासाठी २०२३ साली निघालेल्या 'जादुई पिटारा' ह्या साहित्यसंचात बाहुल्यांचाही समावेश आहे. धोरण अनुकूल आहे. तथापि सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात बसते तेव्हा त्याच्या कानी पडणारे निम्मे शब्द त्याच्या आईने कधी उच्चारलेले नसतात, आणि त्या शब्दांपर्यंत त्याला नेणारी वाट त्याची त्यालाच शोधावी लागते. काही शिक्षक बोलीतून बोलतात, ते धन्य होत. परंतु बदलीने दुसऱ्या विभागातून आलेल्या शिक्षकाकडून ती अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. ही उणीव मालिकेने भरून काढावी.

मात्र येथे एक पथ्य मी आग्रहाने सांगतो, कारण ते पाळले गेले नाही तर मालिका निघालेली नसती तर बरे, असे म्हणण्याची पाळी येईल. बोली बोलणारी बाहुली ही हास्यासाठी आणलेली, अडाणी, शहरी बाहुलीकडून शहाणपण शिकणारी अशी असता कामा नये. नाटक-चित्रपटांनी हा प्रकार पुष्कळ केला आहे आणि त्याचा परिणाम म्हणून आमची मुले कॉलेजात गेल्यावर आईचा दूरध्वनी घेताना बाजूला जाऊन बोलतात. अज्ञान दोन्ही बाहुल्यांत वाटून द्यावे. शहरातून आलेल्या बाहुलीस अक्षर ओळखता यावे, पण कपाशीचे बोंड का उकलते हे ठाऊक नसावे. गावच्या बाहुलीस केळीच्या घडावरील फण्या आणि फणीवरील केळी मोजून घडाचा हिशेब चुटकीसरशी सांगता यावा, पण तो लिहून दाखविताना तिने अडखळावे. मग गुणाकार घडावर शिकता येईल. पांझरा नदीच्या काठी शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने शेतांस कसे देतात, हे दाखविताना भागाकार, दिशा आणि नागरिकशास्त्र असे तीनही विषय एका भागात येतील, आणि त्याकरिता पाटावर बसून पाय पाण्यात सोडलेल्या दोन बाहुल्यांखेरीज काहीही लागणार नाही. भुसावळच्या स्थानकावर मालगाडीचे डबे मोजणे, भरिताची वांगी निवडताना रंग आणि आकार सांगणे, गिरणेच्या पात्रात वाळू आणि गाळ ओळखणे: विषयांची वाण नाही.

मुलांच्या हाती आता मोबाईल आला आहे, त्यांस दूरदर्शनचे काय, अशी शंका आपल्या खात्यातील कोणी काढील. टाळेबंदीच्या काळात, २० जुलै २०२० पासून, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविण्यात आली, तेव्हा ज्या घरांत इंटरनेटचा पत्ता नव्हता तेथेही ती पोहोचली, हे त्या शंकेचे उत्तर आहे. शिवाय वेचणीच्या दिवसांत घरचा एकमेव मोबाईल बापाबरोबर शेतात जातो; संच मात्र घरात राहतो. आणि संच बंद झाल्यावर मूल स्वतः जुना मोजा हातात चढवून तोच खेळ धाकट्या भावंडास दाखवू शकते. हा लाभ महागड्या चलच्चित्रांत नाही.

खर्चाविषयी व व्यवस्थेविषयी माझी सूचना अशी. नवी संस्था, नवी इमारत, नवा पदांचा आकृतिबंध ह्यांपैकी काहीही मागत नाही. जळगाव व धुळे येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी पटकथेचे काम करावे, त्यात बोलीचे जाणकार आणि प्रत्यक्ष वर्गात शिकविणारे शिक्षक असावेत; कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने बोलींच्या अभ्यासकांचे साहाय्य द्यावे; गाण्यांचे ध्वनिमुद्रण जळगावच्या आकाशवाणी केंद्राच्या सहकार्याने व्हावे; बाहुल्या शिवण्याचे काम महिला बचत गटांस द्यावे. बाहुली खेळविणाऱ्या कलावंतांस मात्र दिवसावारी हजेरीवर न ठेवता किमान तीन वर्षांच्या मुदतीचे रीतसर मानधन असावे, कारण डोक्यावर हात धरून बाहुलीच्या डोळ्यांत जीव आणण्याची विद्या वारंवार माणसे बदलून हस्तगत होत नाही. नवी दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र शिक्षकांस बाहुलीकलेचे प्रशिक्षण देत आले आहे. त्या प्रशिक्षणास गेलेले शिक्षक दोन्ही जिल्ह्यांत कोठे आहेत ह्याचा शोध घेतला तर आरंभाची माणसे हाताशीच सापडतील. बालचित्रवाणीचा जो संग्रह शासनाच्या ताब्यात आहे त्याची सूची प्रसिद्ध करून त्यातील उपयुक्त भाग सर्व शाळांस खुले करावेत. प्रत्येक भाग प्रसारणापूर्वी साक्री किंवा यावल तालुक्यातील एखाद्या वर्गात दाखवावा, आणि मुलांची नजर जेथे ढळेल तो प्रसंग, तो कोणीही लिहिलेला असो, काढून टाकण्याचा हक्क त्या मुलांस द्यावा. प्रसारण सह्याद्रीवरून शाळेच्या वेळेत एकदा आणि संध्याकाळी, आईबाप शेतावरून परतल्यावर, पुन्हा एकदा व्हावे. वेळ ठरली की ती क्रिकेटच्या सामन्यासाठीही बदलू नये.

ही मालिका खानदेशातच व्हावी ह्या आग्रहामागे प्रादेशिक अभिमानापेक्षा अनुभव अधिक आहे. १९२४ ते १९३० ह्या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढले आणि पुढे 'विद्यार्थी' मासिक चालविले, ते ज्या मुलांसाठी लिहीत होते त्यांच्यातच राहून. मुलांसाठी चांगले काही निर्माण व्हायचे असेल तर निर्माता त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात असावा लागतो. पुण्याच्या कलागृहात बसून लिहिलेली अहिराणी आमच्या मुलांस पहिल्याच वाक्यात परकी वाटेल.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निदान पहिल्या दहा भागांच्या निर्मितीस आपण मंजुरी द्यावी, अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि त्या आदेशाची प्रत जळगाव व धुळे ह्या दोन्ही जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे रवाना व्हावी, ही विनंती. पटकथा लिहिण्यास, बोली तपासण्यास आणि वर्गात चाचणी घेण्यास दोन्ही जिल्ह्यांतील अनेक शिक्षक विनामोबदला पुढे येतील, ह्याची खात्री मी त्यांच्यात आयुष्य घालविल्यामुळे देऊ शकतो.



आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
जळगाव